गालिच्याखालची तार

चारशे माणसं, आणि एक खोकलासुद्धा नाही.

सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मागे भिंतीला टेकून माणसं उभी. व्यासपीठावर एक गृहस्थ बसलेले, वय पन्नाशीचं, राखाडी स्वेटर, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. हे अबोलगुरू. गेली सहा वर्षं ते एक शब्दही बोललेले नाहीत, असं त्यांची निवेदिका सांगते. त्या सहा वर्षांची भरपाई ती एकटीच करते.

"ज्यांचे कान जगाने बंद केले, त्यांच्याशीच गुरू बोलतात!" ती माइकवर म्हणते. "धडधाकट कानांच्या लोकांनो, तुम्हाला काही ऐकू येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. बहिरेपण हे भाग्य आहे, आणि भाग्याला घाई चालत नाही!"

मग ती माइक बंद करते. पंख्यांची घरघर तेवढी उरते.

आणि पुढच्या पाच रांगांमधली म्हातारी माणसं, सगळी कमी ऐकू येणारी, एकाच क्षणी माना वर करतात. एक निवृत्त पोस्टमन खुदकन हसतो. एक आजोबा हात जोडतात. मग सगळे एकदम म्हणतात, "हो." कशाला हो, ते बाकीच्या तीनशे माणसांना कळत नाही. त्यांना काही ऐकूच आलेलं नसतं. मोठ्या पडद्यावर अबोलगुरूंचे ओठ दाखवतात, हातभर मोठे. ते हलत नाहीत.

टीव्ही वाहिनीचा कॅमेरा रांगांवरून फिरतो आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर थांबतो. निळी शाल पांघरलेली एक बाई रडते आहे. सुखाने रडते आहे.

ती माझी आई.

*

आता मी कोण ते सांगतो.

मी कानाच्या मशीन दुरुस्त करतो. श्रवणयंत्र म्हणायचं, पण गिऱ्हाईक मशीनच म्हणतं. सव्वीस वर्षं. बहीण मला कानफाट्या म्हणते. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, तसं ते पडलं.

आईचं कार्ड दुकानात आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय:

दोन्ही कान कमी. उजवा जास्त. यंत्र डाव्या कानात. बारीक आवाज, लांबचा आवाज, गर्दीतला आवाज: नाही. तक्रार: "सगळे पुटपुटतात."

शेवटची ओळ सगळ्यांच्याच कार्डावर असते. ती लिहिताना कारागीर हसतो. मीही हसलो असेन.

*

ताईचा फोन आला तेव्हा मी एका यंत्राची नळी बदलत होतो. ताई आणि आई एकत्र राहतात.

"आई गोळी घेत नाहीये."

"कुठली?"

"रक्त पातळ ठेवायची. पाकीट बघितलं मी. तेरा दिवस झाले, तसंच्या तसं आहे."

आईच्या हृदयाचे ठोके चुकतात. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की ठोके चुकले की रक्त साचतं, साचलं की गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर माणूस अर्धा राहतो. एक दिवससुद्धा चुकवायची नाही.

"का घेत नाही म्हणते?"

"गुरूंनी सांगितलं म्हणते. कानात."

*

मी घरी गेलो. आमचं बोलणं असं झालं.

मी: आई, गोळी का बंद केलीस?

ती: अं?

मी: गोळी! गोळी का घेत नाहीस!

ती: ओरडू नकोस.

मी: मी ओरडत नाहीये! तुला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलतोय!

ती: तो नाही ओरडत. इतकं हळू बोलतो, पण शब्द न् शब्द कळतो. "घाबरू नकोस," म्हणतो. "गोळ्या म्हणजे भीती, सोडून दे," म्हणतो. "तू किती केलंस सगळ्यांसाठी," म्हणतो.

ताई: आई, तो शंभर लोकांना तेच म्हणतो.

ती: मग? शंभर लोकांनी केलंच असेल ना सगळ्यांसाठी.

मी पुन्हा मोठ्याने बोललो. आईने डोळे मिटून घेतले. ऐकू कमी येणाऱ्या माणसाने डोळे मिटले की खोलीतून निघून गेल्यासारखंच असतं.

*

सभा दर बुधवारी सकाळी असायची. पुढच्या बुधवारी मी स्वतः एका कानात यंत्र आणि दुसऱ्यात कापसाचा बोळा घालून सभागृहात गेलो. माझे कान ठणठणीत आहेत, पण तपासणीसाठी एक यंत्र मी नेहमी बाळगतो.

दाराशी स्वयंसेविका उभ्या. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशी एकच वाक्य, हसून, पाटी दाखवत:

जग बंद करा.

आणि असं म्हणत त्यांच्या कानामागे हात घालून यंत्राचं छोटं बटण दाबायचं. माझंही दाबलं. त्याबरोबर सभागृहाचा गोंगाट गपकन थांबला. मी खुर्चीवर बसलो. निवेदिकेचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग ती थांबली, आणि माझ्या डोक्याच्या अगदी आत, कुणीतरी उशीवरून बोलावं इतक्या जवळून, एक पुरुषी आवाज म्हणाला:

"ये. तुझीच वाट बघत होतो."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. मला काय आहे ते ठाऊक होतं, तरी आला.

ठाऊक होतं, कारण ते मीच बसवलं होतं.

चार वर्षांपूर्वी सभागृहाच्या समितीने मला बोलावलं होतं. कमी ऐकू येणाऱ्यांना भाषणं नीट कळावीत म्हणून मी आणि एका वायरमनने गालिच्याखालून, चारही भिंतींच्या कडेने, तांब्याच्या तारेचा एक मोठा वेढा टाकला. टोकं मागच्या खोलीत नेली. तिथे माइकवर बोललं की त्या तारेतून आवाजाची वीज फिरते. श्रवणयंत्रात एक बारीकशी गुंडाळी असते. बटण दाबलं की यंत्राचा स्वतःचा माइक बंद होतो आणि ती गुंडाळी तारेतलं तेवढंच टिपते. खोलीतला गोंधळ नाही, खोकले नाहीत, फक्त बोलणाऱ्याचा आवाज, थेट कानात. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला काहीच नाही.

बस. एवढाच चमत्कार. मी तो बहिऱ्यांच्या सोयीसाठी केला होता. समितीने दोनदा वापरला आणि विसरून गेली. कुणीतरी विसरलं नव्हतं.

*

त्याच संध्याकाळी मी आईला कागदावर चित्र काढून दाखवलं. सभागृह, तार, गुंडाळी. बाण काढले. सव्वीस वर्षांची अक्कल त्या बाणांमध्ये ओतली.

तिने चष्मा लावून पाहिलं. "छान काढलंयस."

"कळलं का?"

"तारेतून येतो म्हणतोस ना? येईना का. फोनही तारेतून यायचा. म्हणून काय बोलणारं माणूस खोटं होतं?"

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. पण सोनार परका असावा लागतो. पोटच्या पोराच्या हातात सुई दिसली की माणूस कान झाकून घेतं.

स्वयंपाकघरात ताई ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "रोज दुपारी तीनला ते बटण दाबून खुर्चीत बसते. घरीही येईल म्हणून वाट बघते. अर्धा अर्धा तास. कुणी येत नाही."

मी चित्राच्या कागदाची घडी घातली.

"कानफाट्या, तूच बोल ना मग."

"काय?"

"तुला येतं ना ते. तार टाक खुर्चीभोवती. त्याच्यासारखं बोल. गोळी घे म्हण."

"वेड लागलंय का तुला? आपण तिला सांगतोय की हे खोटं आहे, आणि आपणच..."

"ती मेल्यावर खरं बोलत बस."

*

दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन.

आई खुर्चीत. खुर्चीखालच्या सतरंजीच्या कडेने मी सकाळी टाकलेली तार. मी स्वयंपाकघरात, हातात माइक, दार किलकिलं. ताई माझ्या मागे, तोंडावर ओढणी दाबून.

आईने कानामागे हात नेला. बटण दाबलं.

"आलो," मी म्हणालो. हळू. श्वासाइतकं हळू.

तिने डोळे उघडले. खोलीभर पाहिलं. मी तिचा तो चेहरा पाहिला आणि माइक खाली ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही.

"गोळी घे. रोज घे. माझ्यासाठी घे."

"घेते," आई म्हणाली. "घेते हं."

ती उठली आणि तिने गोळी घेतली. तिने माझा आवाज ओळखला नाही. ओळखणार कसा? मी तिच्याशी हळू आवाजात शेवटचं कधी बोललो होतो? तिचे कान गेल्यापासून तिने माझा ओरडाच ऐकला होता. माझा मऊ आवाज तिला परका होता.

तेरा दिवस मी बोललो. तेरा दिवस तिने गोळी घेतली. मी हळूहळू सरावलो. "गोळी घे"च्या आधी "जेवलीस का?" विचारू लागलो. "गुडघा दुखतो का?" विचारू लागलो. तीही सांगू लागली, खुर्चीला, भिंतीला. एकदा म्हणाली, "मुलगा चांगला आहे माझा. पण सारखा चिडतो."

मी म्हणालो, "त्याला माफ कर."

असा मी. अंधश्रद्धेला हसणारा.

*

वाहिनीवर त्यानंतरच्या बुधवारी दिसलेली पट्टी:

गुरूंचा आवाज आता घरातही! • वृद्धेला रोज तीन वाजता दर्शन! • "मला गोळी घ्यायला सांगतात" • शास्त्रज्ञ गप्प का?

आईने स्वयंसेविकांना सांगितलं होतं. कौतुकाने सांगितलं असणार. त्यांनी तिला व्यासपीठावर नेलं. शेजारी निवडणुकीला उभा असलेला उमेदवार, त्याने वाकून आईचा हात धरला. त्याची निशाणी शिडी होती आणि गुरूंमागच्या पडद्यावर त्या आठवड्यापासून एक शिडी आलेली होती, ढगात जाणारी.

माझ्या सतरंजीखालच्या तारेने त्यांना त्यांचा सगळ्यात मोठा चमत्कार मिळवून दिला होता.

आणि त्याच सभेत आवाज सगळ्यांच्या कानात म्हणाला, ते आईने आम्हाला घरी येऊन आनंदाने सांगितलं: "मी घरी आलो, ती परीक्षा होती. ज्यांनी गोळी घेतली ते कसोटीला उतरले. आता गोळीचं काम संपलं. शिडी लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी माइक धरला. "गोळी घे."

आई हसली. "काल तूच म्हणालास ना, काम संपलं म्हणून?"

"चुकलं माझं. घे."

"तू कसा चुकशील?" ती म्हणाली. मग तिने बोट नाचवलं, मी लहानपणी लबाडी केल्यावर नाचवायची तसं. "अजून परीक्षा घेतोयस. मी नाही फसायची."

ताई माझ्याकडे बघत होती. मी माइक बंद केला.

माणसाला आवाज ऐकायची सवय लावली, की तो कुणाचा ऐकेल हे आपल्या हातात राहत नाही. मला हे तेव्हा कळलं, स्वयंपाकघरात उभं राहून, शिळ्या चहाच्या वासात.

*

पुढच्या बुधवारी मी सभागृहाच्या मागच्या खोलीचं दार ढकललं. कुलूप नव्हतं. चमत्काराला कुलूप लावायची गरजच पडत नाही, कुणी मागे जाऊन बघतच नाही.

आत एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. पुढ्यात माइक, कागद, बिस्किटं. त्यांनी बोटाने मला गप्प केलं, माइक बंद केला आणि म्हणाले, "चहा आणलात?" आवाज तोच. पण त्याच्याआधीही मी तो ऐकला होता, कुठे ते आठवेना. मी तसं म्हणालो.

"लिफ्टमध्ये," ते म्हणाले, थोडे खूश होऊन. "'दरवाजे बंद होत आहेत.' तो मीच."

"तुम्ही लोकांची औषधं बंद करताय, काका."

"मी वाचतो हो. कागद येतो, मी वाचतो. लिफ्टमध्येही कागदच होता." मग ते जवळ सरकले. "पण एक सांगू? मीही आधी हे नाटकच समजत होतो. आता नाही. त्या निळ्या शालवाल्या बाईंच्या घरी रोज तीनला आवाज येतो. तेव्हा तर मी घरी झोपलेला असतो! मग बोलतं कोण? काहीतरी आहे बघा. आपल्या पलीकडचं."

तो आवाज देणारा माणूस. त्यालासुद्धा मी भाविक करून सोडलं होतं.

मी त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि माइक सुरू केला.

"ऐका. मी कानाच्या मशीनचा कारागीर बोलतोय. तुमच्यातल्या निम्म्यांची यंत्रं मीच दुरुस्त करतो. गुरू बोलत नाहीत. मागच्या खोलीत माणूस बोलतो. भिंतीजवळचा गालिचा उचलून बघा, तार दिसेल. ती मी टाकली आहे. आता मी ती काढतोय. आवाज थांबला तर समजा."

मी टोकं उपसून काढली आणि बाहेर धावत येऊन तेच पुन्हा सगळ्या सभागृहाला ओरडून सांगितलं.

निवृत्त पोस्टमन गुडघ्यांवर बसून गालिच्याचा कोपरा उचलत होता. खाली तांब्याची तार चकाकली. कुणी ओरडलं, कुणी हसलं. एका बाईंनी यंत्र कानातून काढून मुठीत घट्ट धरलं. उमेदवार बाजूच्या दाराने गेला. आणि अबोलगुरू, सहा वर्षं न बोललेले, उठून उभे राहत स्पष्ट म्हणाले, "कॅमेरा बंद करा."

कॅमेरा बंद झाला. संध्याकाळी पट्टी आली: सभेत घातपाताचा प्रयत्न, तार कोणी टाकली? संशयिताची कबुली. माझं "ती मी टाकली आहे" एवढं वाक्य त्यांनी ठेवलं होतं.

आई खुर्चीतून उठली नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिचं बटण पुन्हा दाबलं, जग सुरू केलं.

"आई, घरीसुद्धा मीच होतो. तीन वाजता. स्वयंपाकघरातून. तू गोळी घ्यावीस म्हणून."

तिने कानातलं यंत्र नीट बसवलं.

"गुडघ्याचं विचारायचास, ते तू?"

"हो."

"मुलाला माफ कर म्हणालास, ते?"

"हो, आई."

ती शाल सावरत उठली. "म्हणजे घरचा खोटा होता," ती म्हणाली. "तू नक्कल केलीस. नक्कल करायला खरं काहीतरी असावंच लागतं." आणि चालू लागली.

मी दिलेल्या खोट्यानेच तिला खऱ्याचा पुरावा मिळाला. हे मी कुणाला सांगू?

गोळी तिने घेतली नाही. मी सांगितलं म्हणून तर नाहीच.

*

मंगळवारी सकाळी ताईला ती न्हाणीघराच्या दाराशी पडलेली सापडली. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी आधी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, फक्त भूतकाळात.

दवाखान्यात नवव्या दिवशी नर्स गोळी घेऊन आली. तिनेच आईच्या डाव्या कानात यंत्र बसवलं.

"घ्या आजी. डॉक्टरांनी सांगितलंय."

आईने तोंड मिटून घेतलं. मग वाकड्या तोंडाने, एकेक अक्षर ओढून काढत, म्हणाली, "क...शा...ला?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, तोंड उघडलं. आईने डावा हात वर केला. माझ्याकडे न बघता. तू नको.

नर्सला खरं तर घाई होती. तरी तिने ट्रे खाली ठेवला, खाटेवर बसली, तोंड आईच्या तोंडासमोर आणलं आणि न ओरडता, सावकाश सांगितलं. रक्त. गुठळी. मेंदू. आईने विचारलं, नाही घेतली तर? तिने तेही सांगितलं. घेतली तर हात पूर्ववत होईल? "नाही आजी. पण पुढचं टळेल बहुतेक. नक्की असं कुणीच सांगू शकत नाही." आईने गोळीचं पाकीट मागून घेतलं, डोळ्यांशी धरलं, बराच वेळ वाचलं. मग डाव्या हाताने गोळी तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. नर्सकडे.

ज्या चार मिनिटांत हे झालं, तेवढी चार मिनिटं मी तिला कधी दिली नव्हती. मी दिली होती ती आज्ञा. आधी ओरडून, मग कुजबुजून.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं साधं सांगणं आहे. आवाज पडद्यावरून येवो, व्यासपीठावरून येवो, नाहीतर अगदी तुमच्या डोक्यातून येतोय असं वाटो, उठा आणि मागच्या खोलीचं दार ढकलून बघा. कोण बोलतंय, कागद कुणाचा आहे, आणि त्याला तुमच्याकडून काय हवंय, ते विचारा. "कशाला?" म्हणा, आणि उत्तर पटेपर्यंत तोंड उघडू नका. खरं सांगणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. तो ट्रे खाली ठेवून बसतो.

आणि जो तुमच्या भल्यासाठी खोटं बोलतोय, तुमच्या घरातला, तुमच्यावर जीव टाकणारा, त्यालाही विचारा. त्याला तर सगळ्यांत आधी.